सिंहगड गुणिले तीन: फुर्का, ग्रिम्झेल आणि सुस्टेन

आल्प्समध्ये सायकल चालवायला जातेय म्हटल्यावर पुण्यात प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा. स्वित्झर्लंडमधले तीन घाट ठरले होते: फुर्का २,४२९ मीटर, सुस्टेन २,२२४, ग्रिम्झेल २,१६४. आपलं कळसूबाई १,६४६. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की समोरचा "बापरे" म्हणतो आणि आपणही उगाच दोन इंच वर होतो. पण सायकलवाल्यासाठी माथ्याची उंची हा सगळ्यात बिनकामाचा आकडा. मी जिथून सुरुवात करणार होते ते आंडरमाट गावच मुळात १,४३७ मीटरवर वसलेलं आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटच्या पातळीला. तिथून फुर्काचा माथा उरतो हजार मीटरला थोडा कमी. कामाचा आकडा म्हणजे सलग किती चढायचं. आणि त्याहून कामाचा, ज्याबद्दल मला कुणीच विचारलं नाही, तो म्हणजे सलग किती उतरायचं.

माझा मावसभाऊ झुरिकजवळ राहतो. दादा गेली कित्येक वर्षं "ये एकदा, तुला खरे घाट दाखवतो" म्हणून मागे लागला होता. "खरे घाट" या शब्दांवरून आमचं दरवेळी वाजायचं, कारण वरंधा आणि आंबेनळी हे काय खोटे आहेत का? शेवटी यायचं ठरलं तेव्हा त्याने फोनवर एकच गोष्ट विचारली. "सिंहगड किती वेळा केलास ते मला सांगू नकोस. दोन-अडीच तास एकाच गियरमध्ये, एकाच लयीत, न थांबता बसू शकतेस का ते सांग."

प्रश्न खोचक होता, पण बरोबर होता. पुण्याच्या सायकलवाल्यांचं चढाचं माप म्हणजे सिंहगड. पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साडेपाचशे-सहाशे मीटरची चढाई. मधे एखादं वळण असं येतं की हँडलचं पुढचं टोक छातीशी येतं, मग जरा मोकळं होतं, मग समोरून जीप येते, मग खड्डा. आपली सवय होते ती झटक्यांची: उभं राहून दहा-वीस सेकंद जोर, मग बसून दम खाणं. आल्प्समधले जुने घाटरस्ते बांधले गेले ते टपाल वाहणाऱ्या घोडागाड्यांसाठी. घोड्याला झटका चालत नाही. त्याला एकसारखा उतार लागतो, म्हणून अभियंत्यांनी वळणावर वळण टाकून चढ सात-आठ टक्क्यांवर धरून ठेवला. फुर्काचा रस्ता १८६० च्या दशकातला, ग्रिम्झेलचा १८९४ चा. आज त्यावर डांबर आहे, पण आखणी बरीचशी घोड्याचीच. सायकलवाल्याचं इंजिनही तेवढ्याच कुवतीचं, त्यामुळे ही आखणी आपल्याला अगदी मापात बसते. मात्र मधे दम खायला जागा मिळत नाही. चढ तुम्हाला पाडत नाही आणि सोडतही नाही.

चढ एकसारखा असला की त्याचा हिशोब मांडता येतो. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि खिशातलं सामान मिळून पंचाहत्तर किलोच्या आत. तासाला ६०० मीटर उंची मिळवायची तर साधारण १३० वॅट लागतात, आणि तेवढे मी गप्पा मारत देऊ शकते. साडेसात टक्के चढावर हा वेग होतो ताशी आठ किलोमीटर. पुढची ३४ दातांची चकती आणि मागेही ३४ असेल तर पॅडलच्या मिनिटाला साठ-पासष्ट फेऱ्या पडतात, गुडघ्यांना झेपण्यासारख्या. घरच्या सायकलला मागे सगळ्यात मोठी दाती २८ ची. त्यावर तोच वेग धरला तर फेऱ्या पन्नाशीवर येतात आणि रात्री गुडघे कुरकुरायला लागतात. त्यामुळे भाड्याची सायकल ठरवताना रंग, कंपनी, वजन यातलं काही न विचारता मी फक्त कॅसेट, म्हणजे मागच्या दात्यांचा संच, विचारली. ११-३४, डिस्क ब्रेक, २८ मिलिमीटरचे टायर. दुकानदाराने ईमेलला एका ओळीत "आहे" एवढंच उत्तर पाठवलं. स्विस लोकांचं हे मला आवडलं.

हाच हिशोब लावला की फुर्का म्हणजे दीड सिंहगड आणि इन्नर्टकिर्खेन गावाच्या बाजूने सुस्टेन म्हणजे जवळजवळ तीन सिंहगड एकावर एक. पायथा ६२५ मीटर, माथा २,२२४, मधे २८ किलोमीटर. तयारी म्हणून मी मे महिन्यात घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) पंखा लावून दोन-दोन तास १३० वॅटवर बसायचे. याइतकं कंटाळवाणं काम जगात नसेल, पण तेच उपयोगी पडलं. दुसरी तयारी आपोआप झाली. जूनच्या शेवटी ताम्हिणीत पाऊस धरला होता आणि आम्ही नेहमीप्रमाणे तिकडे जात होतो. ओल्या रस्त्यावर, धुक्यात, शेवाळलेल्या कडेला न जाता ब्रेक कसा सोडत-धरत उतरायचं, हे मावळातला पावसाळा फुकट शिकवतो. दादाच्या ग्रुपमधले लोक पाऊस आला की बस पकडतात.

घाट वर्षभर उघडे नसतात हेही ध्यानात ठेवावं लागतं. हिवाळ्यात हे तिन्ही रस्ते बर्फाखाली जातात, आणि साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच वाहतूक चालू असते. नेमकी तारीख दरवर्षी बर्फ ठरवतो. दरीत शिरतानाच रस्त्याच्या कडेला फलक दिसतो: फुर्का उघडा, सुस्टेन उघडा, अमुक बंद. जुलैअखेरीस गेलं तर प्रश्न येत नाही. वार मात्र बघावा. शनिवार-रविवारी अर्ध्या युरोपातल्या मोटरसायकली या तीन घाटांवर उतरतात आणि बोगद्यासारख्या गॅलऱ्यांमध्ये त्यांचा आवाज डोक्यात घुमतो. आम्ही मंगळवार धरला.

आंडरमाटला जायला ग्योशेनेनपर्यंत मोठी गाडी आणि तिथून दातेरी रुळांवरची छोटी लाल गाडी. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. दादाने तिकिटाचा आकडा आधी सांगितला नाही, नंतरही मी विचारला नाही.

आंडरमाटपासून रेआल्पपर्यंतचे नऊ किलोमीटर जवळजवळ सपाट. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, पण वर झाड म्हणून नाही, नुसतं गवत. मधे होस्पेंटालला गावावर उभा असलेला मध्ययुगीन दगडी बुरूज. मी इथेच जोर लावायला लागले तर दादाने मागून हाक मारली, "अगं, इथे कमावलेली दोन मिनिटं वर व्याजासकट द्यावी लागतात." रेआल्पच्या हौदावर बाटल्या भरल्या. गावोगावच्या या दगडी हौदांचं पाणी सहसा पिण्याजोगंच असतं. नसेल तर तशी पाटी लावलेली असते, पाटी बघायची सवय ठेवायची. पुण्याहून निघताना पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची यादी मी केली होती, ती रेआल्पलाच संपली.

रेआल्प सोडलं की लगेच वळणं सुरू होतात. रस्ता अरुंद, मधली पांढरी रेघ बऱ्याच ठिकाणी नाहीच, आणि दरीच्या बाजूला कठड्याऐवजी ठरावीक अंतरावर रोवलेले बुटके दगडी खांब. दोन खांबांच्या मधून सायकल आरामात जाईल एवढी फट. पहिल्या अर्ध्या तासात माझं सगळं लक्ष त्या फटींकडे होतं. मग अंगवळणी पडलं. खाली दरीतून वाफेचं इंजिन चालल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघंही थांबलो. फुर्काखालून १९८२ मध्ये बोगदा झाल्यावर डोंगरावरचा जुना लोहमार्ग बंद पडला होता. तो हौशी लोकांनी स्वयंसेवेने पुन्हा उभा केला. यातली काही इंजिनं १९४७ मध्ये व्हिएतनामला विकली गेली होती, ती १९९० मध्ये शोधून परत आणली. याच मार्गावर एक लोखंडी पूल आहे, १९२५ चा, जो दर हिवाळ्याआधी घडी घालून बाजूला ठेवतात, कारण तिथे हिमलोट येतो आणि उभा पूल टिकत नाही. हे दादा सांगत होता आणि मी धापा टाकत "हं, हं" करत होते. चढावर गप्पा मारता येतायत म्हणजे वेग बरोबर आहे, ही जुनी कसोटी. फक्त सांगणारा दुसरा असावा.

वळणं संपली की डोंगराच्या कुशीतून सरळ आडवा जाणारा लांबलचक रस्ता येतो, आणि त्यात पुढचे कितीतरी किलोमीटर एकदम दिसतात. आपल्याकडे झाडी असते, घाट तुकड्यातुकड्यानेच दिसतो, म्हणून आशा टिकून राहते. इथे सगळं उघडं. पुढचा सायकलवाला ठिपक्याएवढा दिसतो आणि तो जिथे आहे तिथे आपल्याला वीस मिनिटांनी पोचायचंय हे आत्ताच कळतं. मला याचा त्रास झाला. मग मी समोर बघायचं सोडून सायकलच्या कॉम्प्युटरवरचा उंचीचा आकडा बघत राहिले. दर मिनिटाला दहा मीटर. दहा मिनिटांत शंभर. आकडा हलत असला की मन शांत राहतं.

अचानक मागून तीन सुरांचा भोंगा वाजला. पिवळी पोस्टबस. या डोंगरी टपालरस्त्यांवर निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं असतं. त्याचा अर्थ असा की इथे बसचालक सांगेल ते ऐकायचं: थांब म्हटला तर थांबायचं, मागे घे म्हटला तर गाडी मागे घ्यायची. आंधळ्या वळणाआधी तो भोंगा वाजवतो. आपल्या एसटीच्या चालकाचं कौशल्य मी लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे अरुंद वळणावर लाल डबा बसवणाऱ्या माणसापुढे मी सहसा कुणाला मानत नाही. पण या बाईंनी (चालक बाई होत्या) माझ्यामागे पाच-सहा वळणं शांतपणे पहिल्या गियरमध्ये बस चालवली, रुंद जागा आल्यावरच पुढे काढली, आणि जाताना हात केला. त्या हाताने मला शेवटचे दोन किलोमीटर चढवलं.

माथ्यावर बघण्यासारखं फारसं काही नाही. पाटी, वाहनतळ, वारा. खरं दृश्य पलीकडे दोन-तीन किलोमीटर उतरल्यावर, बेलव्हेदेअर हॉटेलच्या वळणावर. वळणाच्या बरोबर पोटात उभी असलेली ही जुनी इमारत जगभरच्या फोटोंत असते. गेली काही वर्षं ती बंद आहे, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. शेजारच्या वाटेने ऱ्होन हिमनदीपाशी जाता येतं. तिथे दरवर्षी बर्फात गुहा कोरतात, आणि ती वितळू नये म्हणून वरून पांढऱ्या जाड कापडाच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात. लांबून ते बर्फासारखंच दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की कापडं मळलेली आहेत, काही ठिकाणी फाटलीत, कडेने पाणी वाहतंय, आणि कापडाखालचा बर्फ आजूबाजूच्या बर्फापेक्षा उंच राहिलाय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही हिमनदी खाली ग्लेचच्या सपाटीपर्यंत पोचत होती. बेलव्हेदेअरवरून ग्लेच दिसतं, बरंच खाली. मधला सगळा उघडा खडक म्हणजे गेलेला बर्फ. मी तिथे बराच वेळ होते. दादा दोनदा म्हणाला, "चल, गार होशील."

उगमांचं इथे मोठं गमतीचं प्रकरण आहे. फुर्काच्या अलीकडचं पाणी रॉइस नदीतून शेवटी ऱ्हाइनला आणि उत्तर समुद्राला. पलीकडचं ऱ्होनमधून जिनिव्हाच्या सरोवरात आणि पुढे भूमध्य समुद्राला. ग्लेचहून ग्रिम्झेल चढून उतरलं की आरे नदी, आणि ती पुन्हा उत्तरेकडे. रॉइस आणि आरे पुढे ब्रुग गावाजवळ एकत्र येतात. म्हणजे आपण एका दिवसात दोनदा पाणलोट ओलांडतो आणि परत त्याच समुद्राच्या हद्दीत येतो. महाबळेश्वरला कृष्णा एकीकडे आणि सावित्री दुसरीकडे जाते हे शाळेत पाठ केलेलं असतं. सायकलवर ते मांड्यांना कळतं.

ग्लेचहून ग्रिम्झेल फक्त सहा किलोमीटर, चारशे मीटर. समोरच्या डोंगरावर इस्त्री केलेल्या साडीच्या घड्यांसारखी वळणं दिसतात, खालून बघताना धडकी भरते आणि प्रत्यक्षात पाऊण तासात संपतात. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते पुढच्या उताराबद्दल.

ग्रिम्झेलच्या माथ्यापासून इन्नर्टकिर्खेन २६ किलोमीटर, आणि १,५४० मीटर खाली. महाराष्ट्रात एवढा सलग उतार कुठेच नाही. वरंध्याचा किंवा आंबेनळीचा उतार खड्डे, माकडं, ट्रक यांमुळे वेगात कधी होतच नाही. इथे रस्ता गुळगुळीत. ब्रेक सोडला की बघता बघता वेग साठ. माथ्यावर तापमान नऊ अंश होतं. पन्नासच्या वेगात ते अंगाला चार-पाच अंशांसारखं लागतं, आणि आपण नुकतेच चढून घामाने भिजलेले असतो. चढताना खिशात नुसतं ओझं वाटणारं जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे, कानपट्टी, सगळं माथ्यावरच चढवायचं. आधी ओला बनियन बदलायचा, मग जाकीट, त्याची चेन गळ्यापर्यंत. गार बोटांनी चेन लागत नाही, म्हणून हातमोजे शेवटी. हा क्रम दादाने मला परवचा म्हणवून घ्यावा तसा म्हणायला लावला. छातीवर, जर्सीच्या आत, त्याने हॉटेलमधून आणलेलं जर्मन वर्तमानपत्र घडी करून घातलं. ही युक्ती सायकल शर्यतींइतकीच जुनी आहे आणि अजून तिला तोड नाही.

मग ब्रेक. सतत हलका दाबून धरायचा नाही. सरळ रस्त्यावर सोडायचा, वळण येण्याआधी, सायकल उभी असतानाच, दोन्ही हातांनी नीट दाबून वेग उतरवायचा, आणि वळणात शिरताना सोडून द्यायचा. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, सगळं वजन त्या पॅडलवर. नजर वळणाच्या शेवटाकडे, दगडी खांबांकडे नाही, कारण जिकडे बघाल तिकडे सायकल जाते. हे सगळं मला पुण्यातही माहीत होतं. पण माहीत असणं आणि लागोपाठ तीसेक वळणांवर, बोटं बधिर झालेली असताना, ते करत राहणं यात फरक आहे. अर्ध्यावर माझ्या तळहातात गोळे यायला लागले. आम्ही थांबलो. जलविद्युत प्रकल्पाचं धरण, मागे ग्रॅनाइटचे उघडे सुळके, आणि हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे पाण्याला आलेला दुधाळ हिरवा रंग. मी हात काखेत घालून उभी होते. एवढं बघायला मिळणार असेल तर हातात गोळे यायला हरकत नाही.

पुढे काही ठिकाणी मोटारी बोगद्यात जातात आणि सायकलींसाठी जुना रस्ता कड्याला वळसा घालून बाहेरून जातो. ही वळणं चुकवू नयेत. बोगदा टळतो हे एक, आणि त्या जुन्या तुकड्यांवर तुमच्याशिवाय कुणीच नसतं. गुटानेनच्या खाली हवा उबदार व्हायला लागली, गवताचा वास आला, आणि इन्नर्टकिर्खेनला पोचेपर्यंत जाकीट काढावं लागलं. मुक्काम तिथेच. तयार सायकलवाले हे तिन्ही घाट, साधारण १२० किलोमीटर आणि तीन-साडेतीन हजार मीटर चढ, एका दिवसात करतात. मला बघत, थांबत जायचं होतं. जेवायला रोस्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच म्हणा. दादाने वर अंडं घेतलं, मी खिशातली लसणाची चटणी काढली. वेटरने वास घेऊन भुवया उंचावल्या आणि मग चमच्याच्या टोकाने चव पाहिली.

दुसऱ्या दिवशी सुस्टेन. हा रस्ता तिघांत तरुण: १९३८ ते १९४५ मध्ये बांधला, १९४६ मध्ये खुला झाला, आणि मोटारीसाठीच आखलेला. त्यामुळे रुंद, आखीव. फुर्कासारखा इतिहास नाही, ग्रिम्झेलसारखी धरणं नाहीत. नुसता चढ. सकाळी आठला निघालो. मी मनाशी ठरवलं होतं की पहिला तास १२० वॅटच्या वर जायचंच नाही, कुणीही मागे टाकलं तरी. आणि सगळ्यांनी टाकलं. साठी उलटलेल्या दोन जर्मन बायका गप्पा मारत पुढे गेल्या. एक बाप मागे लहान मुलाची गाडी जोडून पुढे गेला, तो मात्र बॅटरीच्या सायकलवर होता हे मी मुद्दाम बघून घेतलं.

दर अर्ध्या तासाला चिक्कीचा एक तुकडा, भूक असो नसो. दुकानातल्या एनर्जी बारपेक्षा शेंगदाण्याची चिक्की उंचावर चांगली टिकते: गारठ्यात दगड होत नाही, उन्हात वितळत नाही, आणि पाण्याच्या घोटाबरोबर चटकन उतरते. खजूर दुसऱ्या खिशात. गाडमेनच्या आसपास थोडी सपाटी लाभते, तिथे पाठ सरळ करून घेतली. त्यानंतर झाडं विरळ होत जातात, गायींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात आणि एका वळणावर एकदम श्टाइन हिमनदी आणि तिच्या पायथ्याचं तळं समोर येतं. इथून वरचे शेवटचे काही किलोमीटर मी कसे केले याचं माझ्याकडे धड वर्णन नाही. पाय दुखत नव्हते, छाती भरत नव्हती, फक्त कंटाळा आला होता, प्रचंड, लहान मुलाला लग्नात येतो तसा नव्हे, थेट रडू येईल असा. ट्रेनरवरचे मे महिन्यातले दोन-दोन तास इथे कामी आले. कंटाळा म्हणजे थकवा नव्हे, हे शरीराला आधीच एकदा पटलेलं होतं. माथ्यावर छोटा बोगदा, दिवा लावून पार केला. पलीकडे ऊरी परगण्याची पाटी, आणि पुन्हा तेच: बनियन, जाकीट, चेन, हातमोजे.

वासेनपर्यंतचा १८ किलोमीटरचा उतार मी आदल्या दिवशीपेक्षा बराच बरा उतरले. वासेनचं चर्च रेल्वेवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. गॉटहार्डची आगगाडी डोंगरात गोल फिरत चढते, त्यामुळे ते खिडकीतून तीनदा, वेगवेगळ्या पातळ्यांवरून दिसतं. आम्हाला ते एकदाच दिसलं आणि तेव्हा आम्ही त्याच्या सावलीत सँडविच खात होतो.

शेवटचा तुकडा, ग्योशेनेन ते आंडरमाट, श्योलेनेनच्या घळीतून. अंतर किरकोळ, पण दिवसाच्या शेवटी, गॅलऱ्यांमधून जाणाऱ्या बस आणि मोटारींच्या शेजारी. सायकलींना पट्टा आखून दिलाय, तरीही दोन घाटांत मिळून झाला नसेल एवढा ताण मला इथे आला. मधे सैतानाचा पूल आहे. घळीवर पूल बांधणं माणसाला जमेना तेव्हा सैतानाने तो बांधून दिला आणि मोबदल्यात पहिल्यांदा पलीकडे येणाऱ्याचा जीव मागितला. ऊरीच्या लोकांनी बोकड सोडला. दादाला वाटलं मला ही गोष्ट नवी असेल. पुलाच्या पायात बळी मागणाऱ्या गोष्टी आपल्याकडे गावागणिक आहेत, फक्त आपल्या गोष्टीत बोकडावर भागत नाही. जुना दगडी पूल १८८८ मध्ये कोसळला. १८३० चा दुसरा उभा आहे, आणि मोटारी जातात तो त्यानंतरचा.

त्रेमोला, म्हणजे गॉटहार्ड घाटाचा जुना दगडी रस्ता, आम्ही एक दिवस आराम करून केली. ग्योशेनेनहून आगगाडीने १८८२ च्या पंधरा किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे आयरोलोला गेलो. बाहेर पडल्यावर भाषा इटालियन, कॉफी निम्म्या आकाराची आणि दुप्पट चांगली. तिथून जुना रस्ता चढतो तो ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांवरून, पंख्याच्या आकारात एकेक बसवलेल्या. दरीच्या वरच्या भागात २४ वळणं, एकावर एक रचलेली. टायरमधली हवा थोडी कमी केली, हँडल सैल धरलं, बसूनच राहिलो, कारण उभं राहिलं की मागचं चाक दगडावर घसरतं. दात वाजत नाहीत, पण चष्मा नाकावरून हळूहळू खाली येत राहतो. चढायला हा रस्ता सुंदर आहे. उतरायला मी तो कुणालाही सुचवणार नाही. आमच्यासमोर एकजण उतरत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर दाढ काढून घेणाऱ्याचा भाव होता.

या वाटांवर एकट्या बायका बऱ्याच दिसल्या, सगळ्या वयांच्या, आणि कुणी वळून बघत नव्हतं. पुण्याहून पहाटे पाचला निघताना घरी लोकेशन पाठवून निघणाऱ्या मला हे सैल वाटलं. माथ्यावरच्या खानावळींमधली स्वच्छतागृहं स्वच्छ होती. यावर वेगळा परिच्छेद लिहिता येईल, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

पुन्हा जाईन तेव्हा हीच फेरी उलटी करायची आहे: आंडरमाटहून सकाळी लवकर, वाहनं नसताना, श्योलेनेन उतरून वासेन, मग सुस्टेन, मग इन्नर्टकिर्खेनहून ग्रिम्झेलचे ते २६ किलोमीटर चढताना, आणि शेवटी फुर्का. चढ तेवढाच पडतो, पण घळीतला ताण ताजेपणी संपतो आणि शेवट रेआल्पच्या सपाटीवर रेंगाळत करता येतो. दादाला मात्र त्यात नुफेनेन हा चौथा घाटही घालायचाय. उलरिखेनपासून १३ किलोमीटरमध्ये अकराशे मीटर, सरासरी साडेआठ टक्के, म्हणजे माझा सगळा हिशोब नव्याने मांडायचा. मी त्याला म्हटलं, दादा, आधी ३६ दाती असलेली सायकल शोध, मग तारखांचं बोलू.